सिलिका जेल मिथेन खातं का?

मागच्या अंकात लेसरने वायू मोजणाऱ्या एका यंत्राचा उल्लेख ओघात आला होता. वायूत लेसरचा किरण सोडायचा आणि मायक्रोफोन लावून ऐकायचं, असं ते फोटोअकूस्टिक यंत्र. पाषाणच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं त्याच्या शेजारी गेली, त्यामुळे त्यावर पत्रं आली की मला राहवत नाही. हा महिना त्यालाच देते आहे. बहुतेक पत्रं प्रयोगशाळेतल्या मुलामुलींची आहेत, म्हणून उत्तरं थोडी तांत्रिक होतील. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : प्रकाश ‘ऐकू येतो’ हे काही पटलं नाही. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. आवाज म्हणजे काहीतरी हललं पाहिजे. लेसरने काय हलतं?
— एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ

हवाच हलते. टेलिफोन खात्यात होतात म्हणजे ग्रॅहम बेल तुमचेच. १८८० साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी टेंटर यांनी उन्हाचा झोत फिरत्या भोकाच्या चकतीतून तोडत तोडत निरनिराळ्या पदार्थांवर टाकला, आणि पदार्थ त्याच सुरात गुणगुणले. काजळीचा आवाज तर चांगला मोठा आला. १८८१ मध्ये टिंडल यांनी हाच खेळ वायूंवर करून दाखवला. वायू प्रकाश शोषतो, किंचित तापतो, फुगतो; प्रकाश तुटला की निवतो, आक्रसतो. हे सेकंदाला हजारदा झालं की तो आवाज.

लेसर आल्यावर फरक इतकाच पडला की सूर्याचा सगळा प्रकाश न टाकता एकाच वायूला आवडणारा रंग तेवढा टाकता येतो. मिथेनसाठी १६५३.७ नॅनोमीटर घ्यायचा. डोळ्याला तो दिसत नाही, मिथेनला दिसतो. हवेत बाकी काय आहे याच्याशी त्या किरणाला फारसं देणंघेणं नसतं. मग हा अगदी बारीक आवाज वाढवायला किरण एका नळीतून नेतात. दोन्ही टोकं उघडी असलेली ती नळी म्हणजे भोकं न पाडलेली बासरी. लेसर तिच्याच सुरात चालू-बंद केला की नळी घुमते आणि मधोमध बसवलेला मायक्रोफोन ते ऐकतो. नळी आणि मायक्रोफोन ज्या बंद डबीत असतात ती म्हणजे सेल, आणि मायक्रोफोनच्या सिग्नलमधून लेसरच्या ठेक्यातला भाग तेवढा वेचून मोजणारं यंत्र म्हणजे लॉक-इन.

घरी बघायचं असेल तर काचेची छोटी बाटली आतून मेणबत्तीच्या काजळीने काळी करा, बुचातून बारीक रबरी नळी काढून कानाला लावा, आणि कडेने भोकं पाडलेली पुठ्ठ्याची चकती छोट्या मोटरवर फिरवून तिच्यातून बाटलीवर ऊन पाडा. भिंगाने ऊन एकवटलंत तर चकती थांबू देऊ नका, पेटेल.

प्रश्न : सेलमध्ये शुद्ध नायट्रोजन सोडला तरी सिग्नल शून्यावर येत नाही. सिलिंडर खराब आहे असं समजून पुरवठादाराशी भांडू का?
— संशोधक विद्यार्थी, गणेशखिंड

भांडायला पुष्कळ वेळ आहे. आधी शून्यं वेगवेगळी करा, कारण तुम्ही ज्याला एक शून्य म्हणताय ती निदान तीन आहेत.

लेसर पूर्ण बंद करून लॉक-इनवर काय येतं ते लिहून घ्या. तो विजेचा आणि खोलीचा गोंधळ. मग लेसर चालू करा, पण सेलच्या तोंडाशी किरण अडवा. आत्ता जे येईल ते लेसर ड्रायव्हरच्या तारेतून मायक्रोफोनच्या तारेत शिरलेलं असतं. ते नेमक्या तुमच्याच वारंवारितेला असतं, त्यामुळे लॉक-इनला ते ओळखू येत नाही. दोन्ही तारा एकाच पट्टीने बांधून ठेवायची सवय आपल्या मुलांना फार. टेबल नीटनेटकं दिसतं आणि मोजणी घाण होते. तिसऱ्यांदा किरण सेलमधून जाऊ द्या, पण लेसरचं तापमान थोडं बदलून त्याला मिथेनच्या रेषेवरून, म्हणजे मिथेनला आवडणाऱ्या नेमक्या रंगावरून, बाजूला घ्या. आता उरतं ते खिडक्यांचं आणि नळीच्या भिंतीचं गाणं. काच थोडा प्रकाश शोषतेच, तिच्यावर बोटाचा ठसा असेल तर जास्त. किरण नळीच्या कडेला घासत असेल तर विचारूच नका.

एवढं झाल्यावर रेषेवर आणि रेषेबाहेर फरक दिसला, तरच तो सिलिंडरचा. बहुतेक वेळा दिसत नाही.

आणखी एक. ही पार्श्वभूमी वजा करताना नुसते आकडे वजा करू नका. लॉक-इन दोन घटक देतो, एक्स आणि वाय : एक लेसरच्या ठेक्याबरोबरचा, दुसरा त्यापासून पाव फेरी सरकलेला. दोन्ही वेगवेगळे वजा करून मग एकत्र करायचे. पार्श्वभूमी ४ मायक्रोव्होल्ट आणि खरा सिग्नल ३, आणि दोघांत काटकोन असेल, तर पडद्यावर ५ दिसतात. ५ मधून ४ काढून १ उरला म्हणाल तर वायूचा दोन तृतीयांश भाग तुम्हीच हरवलात.

प्रश्न : मॅडम, आमच्या यंत्रावर खोलीतल्या हवेतला मिथेन १.९ पीपीएमच्या (दहा लाखांत १.९ भाग) आसपास येतो, म्हणजे ठीक. सेलमध्ये ओलावा जाऊ नये म्हणून सरांनी वाटेत सिलिका जेलची नळी लावायला सांगितली. नळी लावली की आकडा धाडकन खाली, काढली की परत वर. जेल बदलून पाहिलं, तरी तेच. सिलिका जेल मिथेन खातं का?
— पीएच.डी. विद्यार्थिनी, पाषाण

नाही खात. पण नळी काढून-लावून बघायचं तुला सुचलं, याबद्दल शाबास. पुष्कळ जण नळी लावून मोकळे होतात आणि वर्षभर कमी आकडे छापतात.

जेल मिथेन धरून ठेवत असतं तर थोड्या वेळाने ते भरलं असतं आणि आकडा हळूहळू चढला असता. तुझा आकडा खाली येतो आणि तिथेच बसतो. म्हणजे मिथेन सेलमध्ये पोचतोय, फक्त त्याचा आवाज बसलाय. खात्री करायची असेल तर तीच वाळवलेली हवा शेजारच्या गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) घालून बघ. तिथे मिथेन पुरा भरेल.

झालंय असं. मिथेनच्या रेणूने प्रकाश गिळला की तो लगेच तापत नाही, आधी नुसता थरथरतो. ही थरथर शेजाऱ्यांना धडकून धडकून धावपळीत, म्हणजे उष्णतेत, बदलली तरच दाब वाढतो आणि तुझा मायक्रोफोन ऐकतो. नायट्रोजनमध्ये हे काम चटकन उरकतं. हवेत मात्र पाचवा हिस्सा ऑक्सिजन आहे. ऑक्सिजनच्या कंपनाची पातळी १५५६ प्रति सेंटिमीटरला (हे कंपनाची ऊर्जा सांगायचं एकक) आहे आणि मिथेनची एक पातळी १५३३ ला. इतक्या जवळ असल्यामुळे मिथेनची थरथर सरळ ऑक्सिजनकडे जाते, आणि ऑक्सिजन ती लवकर सोडत नाही. तुझ्या लेसरची एक फेरी जेमतेम ०.६ मिलिसेकंदाची. ऑक्सिजनने ऊर्जा परत द्यायच्या आत पुढच्या कित्येक फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. तोवर ती उष्णता ठेक्याच्या बाहेर पडते आणि लॉक-इनच्या लेखी वाया जाते.

यातून सोडवतं ते पाणी. पाण्याच्या रेणूचं वाकण्याचं कंपन १५९५ ला आहे, तेही जवळच. ते ऑक्सिजनकडची ऊर्जा काढून घेतं आणि झटक्यात उष्णता करून टाकतं. हवा दमट असली की मिथेन पुरा बोलतो, कोरडी केली की पुटपुटतो. सरांनी पाणी काढून टाकलं आणि त्याबरोबर सिग्नलही गेला. लोझानच्या संशोधकांनी २००६ साली नेमकं हेच मिथेनवर मांडून दाखवलं आहे, त्यामुळे सरांना सांगताना फार अवघडल्यासारखं वाटून घेऊ नकोस. जरा बेताने सांग, इतकंच.

लॉक-इनची फेज, म्हणजे सिग्नल लेसरच्या ठेक्यामागे किती रेंगाळतो ते, बघितलीस का? नळी लावली की तीही सरकली असणार. ऊर्जा उशिरा परत येते त्याची ती खूण. जेल मिथेन खात असतं तर सिग्नल कमी झाला असता, पण फेज जागची हलली नसती. म्हणून मी सगळ्यांना सांगते, वहीत नुसता आकडा लिहू नका, फेज लिहा.

आता ‘मग पुण्याच्या उन्हाळ्यात काय’ असं विचारशील. एप्रिलमध्ये आपण हवा कोरडी म्हणतो, ओठ फुटतात. पण ३८ अंशांना आणि २० टक्के आर्द्रतेलाही हवेत पाण्याची वाफ १.४ टक्क्यांच्या आसपास असते. जुलैत २५ अंश आणि ८५ टक्के धरले तर पावणेतीन टक्क्यांच्या पुढे. ऑक्सिजनला ताळ्यावर आणायला दोन्ही पुरेसे. खरी कोरडी असते ती सिलिंडरमधली हवा आणि तुझ्या नळीतून आलेली. तुझं प्रमाणीकरण मिथेन-नायट्रोजनच्या सिलिंडरवर झालेलं असणार, म्हणून खोलीच्या हवेवर १.९ बरोबर जुळलं. उद्या कोणी ‘हवेतला मिथेन हवेच्याच सिलिंडरने मोजा’ म्हणून कोरड्या कृत्रिम हवेतला मिथेन आणून दिला, तर सगळे आकडे उलटे, म्हणजे जास्त, यायला लागतील. तेव्हा घाबरू नकोस.

कर काय, तर जेलची नळी काढून टाक. धुळीसाठीचा फिल्टर राहू दे. सिलिंडरचा वायू पाण्याच्या बुडबुड्यांच्या बाटलीतून नेऊन दमट कर, आणि प्रमाणीकरण व मोजणी साधारण एकाच ओलाव्यावर ठेव. मिथेन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून हे चालतं. अमोनियाला चुकूनही असं करू नकोस, पाणीच त्याला पिऊन टाकेल. सेल खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम ठेव, म्हणजे खिडकीवर दव धरणार नाही. सरांची खरी काळजी तीच असावी, आणि ती रास्त आहे. वाफ हवेची जागा खाते तेही धरायचं. कोरड्या हिशोबाने १.९ असलेला मिथेन जुलैच्या हवेत १.८५ च दिसायला हवा.

प्रश्न : आमची लॅब नदीपात्राजवळ आहे. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. मायक्रोफोनवर चालणारं यंत्र, मग मोजणी रात्रीच करायची का?
— प्रयोगशाळा सहायक, डेक्कन

पथकांवर आळ घेऊ नका, त्यांना आधीच पुरेशा तक्रारी आहेत. ढोलाचा जोर खालच्या सुरांत असतो. तुमचा सेल धातूचा, बंद, आणि लॉक-इन एकच चिमूटभर पट्टी ऐकतो. टाइम कॉन्स्टंट (सरासरी घ्यायचा वेळ) एक सेकंद असेल तर हर्ट्झच्या अंशाएवढीच पट्टी. ताशाची तडतड फारच जवळ असली तर प्रीअॅम्प (मायक्रोफोनचा सिग्नल वाढवणारा भाग) क्षणभर भरतो. ओव्हरलोडचा लाल दिवा लागला तर तेवढा तुकडा सोडून द्या.

खरे शत्रू घरातले. सेल ठेवलेल्या टेबलावरच ठेवलेला व्हॅक्यूम पंप. थेट सेलवर फुंकणारा एसी. जास्त प्रवाहाने नळीत होणारी वायूची सळसळ. आणि ५० हर्ट्झची वीज. दहा सेंटिमीटरच्या नळीचा सूर कागदावर १७१५ हर्ट्झ येतो, टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात १६३० च्या आसपास. तापमान एक अंशाने वाढलं की तो पावणेतीन हर्ट्झने वर सरकतो. सकाळी एसी लावलेल्या खोलीत १६३० वर असलेलं शिखर, म्हणजे नळी सगळ्यात जोरात घुमते तो सूर, दुपारी सात अंशांनी तापल्यावर नेमकं १६५० वर जाऊन बसतं, आणि तिथे पन्नासचा तेहतिसावा पट आधीच ठाण मांडून असतो. मग ‘दुपारी सिग्नल नाचतो, ढोल वाजत होते’ अशी नोंद वहीत होते.

वायू बदलला तरीही सूर बदलतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २० अंशांना आवाजाचा वेग हवेत ३४३ मीटर प्रति सेकंद, नायट्रोजनमध्ये ३४९. तुमच्या नळीला म्हणजे जवळजवळ २८ हर्ट्झ. शिखराची रुंदी पन्नास-साठ असेल, तर नायट्रोजनवर लावलेली वारंवारिता तशीच ठेवून हवा मोजलीत की सिग्नल सत्तर टक्क्यांवर येतो. रोज सकाळी, आणि वायू बदलला की प्रत्येक वेळी, शिखर शोधा. शेजारी सेलचं तापमान लिहा. खोलीचं नको, सेलचं.

प्रश्न : घड्याळातल्या क्वार्ट्झ क्रिस्टलने मायक्रोफोनचं काम होतं असं वाचलं. तपकीर गल्लीत तो अगदी स्वस्तात मिळतो. प्रोजेक्टसाठी जमेल?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शिवाजीनगर

जमेल, आणि करच. २००२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात हे सुरू झालं. त्या छोट्या डबीत क्वार्ट्झचा एक चिमुकला चिमटा असतो, त्याचा सूर ३२,७६८ हर्ट्झ. लेसर त्याच्या दोन पात्यांमधल्या फटीतून न्यायचा. फट ०.३ मिलिमीटरची, किरण पात्याला शिवला की संपलं, सगळी पार्श्वभूमीच. बाहेरचा आवाज दोन्ही पात्यांना एकाच बाजूला ढकलतो, चिमटा मात्र पाती एकमेकांपासून दूर जाताना वीज देतो, म्हणून खोलीतल्या गोंगाटाचा त्याला त्रास कमी.

डबी उघडताना घाई नको. बुडाजवळ बारीक कानशीने गोल घासत जा आणि पत्रा पातळ झाला की टोपी सरळ ओढ. पिरगाळलीस तर पातं तुटतं. म्हणून दुकानातून मूठभर घेऊन ये. आत निर्वात असतं. हवा शिरली की सूर काही हर्ट्झने उतरतो आणि त्याची धार, म्हणजे क्यू, लाखाच्या आसपास असते ती दहा हजारांवर येते. तेवढं चालतं. पण इतक्या तीक्ष्ण शिखरावर वारंवारिता हर्ट्झच्या अंशापर्यंत लावावी लागते, कॉलेजच्या जुन्या फंक्शन जनरेटरवर ते होणार नाही. आणि वरच्या पीएच.डी.वाल्या ताईचं उत्तर वाच. ३२ किलोहर्ट्झला एक फेरी ३० मायक्रोसेकंदांची, तेव्हा ओलाव्याचं भांडण तुझ्याकडे आणखी जोरात असणार. सुरुवात पाण्याच्या वाफेपासूनच कर, १३९२ नॅनोमीटरला. सिलिंडर लागत नाही, श्वास सोडला तरी सिग्नल उडतो.

प्रश्न : पोल्ट्रीतला अमोनिया मोजतो. आकडा चढायला अर्धा तास लागतो, उतरायला त्याहून जास्त. यंत्र मंद आहे का?
— हडपसर

यंत्र नाही, नळी. अमोनिया स्टीलला आणि ओल्या भिंतीला चिकटतो. टेफ्लॉनची आखूड नळी वापरा, ती आणि सेल चाळीस-पन्नास अंशांवर गरम ठेवा, प्रवाह सतत चालू ठेवा. भरून बंद करून मोजायचा वायू हा नव्हे.

प्रश्न : मुलगी लॅबमध्ये न दिसणाऱ्या लेसरवर काम करते. डोळ्यांची भीती वाटते.
— एक आई, औंध

१६५३ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणीच शोषून घेतं, पडद्यापर्यंत पोचत नाही. याचा अर्थ चष्मा नको असा नाही, बुबुळही भाजतंच. पण नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ४५० नॅनोमीटरचा निळा लेसर वापरत असतील तर खरी काळजी करा, तो थेट पडद्यावर जातो. चष्मा त्या त्या रंगाचाच लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायला सांगा. हातावरून परतलेला किरण कुठे जाईल ते सांगता येत नाही.

प्रश्न : घरी पाइपचा गॅस आला आहे. गळती कळावी म्हणून असं यंत्र बसवता येईल का? किंमत काय?
— कोथरूड

नका बसवू. तुमच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि नाक फुकट आहे. शंका आली तर जोडावर साबणाचं पाणी लावा. फुगे आले की गळती. पाइपचा गॅस मिथेन असतो, हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. सिलिंडरचा एलपीजी जड, तो जमिनीवर साचतो. वास जास्त असेल तर साबणपाणीही राहू द्या. मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि फोन जिन्यात जाऊन करा.